आधी शेवटचा टप्पा : कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगकडे

प्रस्तावना

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास व्हावी लागते. विद्यापीठात चार वर्षं शिकून बीएसएन झालेली २२ वर्षांची मुलगी आणि कम्युनिटी कॉलेजातून एडीएन, म्हणजे नर्सिंगची असोसिएट पदवी, घेतलेली चाळिशीतली दोन मुलांची आई या दोघी त्याच परीक्षेला बसतात. प्रश्नांचा साठा एक, उत्तीर्ण होण्याची पातळी एक आणि राज्याच्या नर्सिंग मंडळाकडून मिळणारं लायसन्सही एकच. दोघी एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, सारख्याच जबाबदारीने रुग्ण सांभाळतात. ही माहिती अमेरिकेतल्या मराठी घरांत अजून पुरेशी पोचलेली नाही. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही की जायची जागा म्हणजे कम्युनिटी कॉलेज, असा समज आपल्याकडे घर करून आहे. त्या समजापायी कितीतरी जणी एक तर नर्सिंगचा विचार सोडून देतात, नाहीतर न परवडणाऱ्या खाजगी कॉलेजचं कर्ज डोक्यावर घेतात. त्यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

मी स्वतः याच वाटेने नर्स झाले आणि आता विद्यार्थ्यांचे गट घेऊन हॉस्पिटलच्या वॉर्डांत जाते. हुशारी कमी पडली म्हणून मागे राहिलेले विद्यार्थी मी फार थोडे पाहिले. क्रम चुकला म्हणून वर्ष गमावलेले पुष्कळ पाहिले. एखादा विषय एक सत्र उशिरा घेतला, एखादी लस वेळेवर सुरू केली नाही, अर्जाची खिडकी बंद झाल्यावर चौकशी केली, एवढ्याशा कारणाने बारा महिने जातात. म्हणून या पुस्तिकेचं सांगणं थोडक्यात इतकंच आहे: वाट आखताना शेवटच्या टप्प्यापासून मागे या. लायसन्स कधी हवं ते आधी ठरवा, मग पदवी, मग प्रवेश, मग अर्ज आणि सगळ्यात शेवटी पहिल्या सत्राचे विषय.

ही वाट कुणासाठी घातली गेली, हे तिच्या इतिहासातून कळतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या बहुतेक नर्सेस हॉस्पिटलांनी चालवलेल्या शाळांमध्ये तयार होत. तीन वर्षांचा डिप्लोमा, वसतिगृहात सक्तीचा मुक्काम आणि शिक्षणाच्या नावाखाली वॉर्डातलं भरपूर काम, असा तो प्रकार होता. लग्न झालेल्या बाईला अनेक शाळा दारातूनच परत पाठवत. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसची टंचाई तीव्र झाली. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने गावोगावी कम्युनिटी कॉलेजांचं जाळं विणण्याची शिफारस केली. १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मिल्ड्रेड मोंटॅग या प्राध्यापिकेने आपल्या प्रबंधात मांडलं, की नर्सिंगच्या कामाचा एक मोठा भाग दोन वर्षांच्या नेटक्या कॉलेज-शिक्षणातून शिकवता येईल. १९५२ मध्ये तिच्या देखरेखीखाली पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यात सात ज्युनिअर आणि कम्युनिटी कॉलेजं आणि एका हॉस्पिटलची शाळा सामील होती. तिथल्या विद्यार्थ्यांना राज्याच्या लायसन्स परीक्षेत चांगलं यश मिळालं आणि एडीएनचे अभ्यासक्रम देशभर पसरले.

त्या वर्गांमध्ये विवाहित स्त्रिया आल्या, मुलं वाढवून मोकळ्या झालेल्या आया आल्या, पुरुष आले, घरी राहून आणि नोकरी सांभाळून शिकणारे आले. ज्यांच्या आयुष्यात सलग चार वर्षं रिकामी नव्हती त्यांच्यासाठी हे दार उघडलं गेलं. आज न्यू जर्सीत पॅरामसच्या बर्गन कम्युनिटी कॉलेजात, टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेकडच्या कॉलिन कॉलेजात किंवा कॅलिफोर्नियात कूपर्टिनोच्या डी अँझा आणि हेवर्डच्या शाबो कॉलेजात नर्सिंगसाठी नाव घालणारी मराठी बाई सत्तर वर्षांच्या या परंपरेत पाऊल टाकत असते. दुय्यम जागी आल्याची खंत तिने मनात ठेवायचं काही कारण नाही.

आता वाटेकडे वळू. एडीएनला दोन वर्षांची पदवी म्हणतात, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं. ती दोन वर्षं नर्सिंगच्या प्रत्यक्ष अभ्यासक्रमाची असतात. त्यात शिरण्याआधी प्रीरेक्विझिट, म्हणजे पूर्वअटीचे विषय, पूर्ण करावे लागतात: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी लेखन, सायकॉलॉजी, बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स. ते एकमेकांवर रचलेले असतात. अनेक कॉलेजांत केमिस्ट्री किंवा बायॉलॉजी झाल्याशिवाय पुढच्या विज्ञान विषयांत बसू देत नाहीत. कॅलिफोर्नियात ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे सहसा दोन स्वतंत्र विषय असतात आणि बरीच कॉलेजं आधी ॲनाटॉमी घ्यायला लावतात. इतर अनेक राज्यांत दोन्ही मिळून ‘ए अँड पी’चे दोन भाग असतात आणि ते ओळीनेच घ्यावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्याची बी.कॉम. झालेली, पस्तिशीतली, धाकट्या मुलाला बालवाडीत घातलेली एक बाई कॅलिफोर्नियात राहते. पहिल्या सत्रात ती केमिस्ट्री आणि इंग्रजी लेखन घेते. दुसऱ्यात ॲनाटॉमी आणि सायकॉलॉजी, तिसऱ्यात फिजिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स, चौथ्यात मायक्रोबायॉलॉजी. उन्हाळी सत्राचा उपयोग केला तर थोडा वेळ वाचेल, पण घर सांभाळून हाच वेग झेपणारा आहे. म्हणजे दोन वर्षं इथेच गेली. पुढे नर्सिंगची चार सत्रं. अर्ज, निकाल आणि तुकडी सुरू होण्यामधला काळ धरला तर तिची दोन वर्षांची पदवी साडेचार वर्षांच्या आसपास जाते. हे आधी कळलं तर ती निवांतपणे पावलं टाकते. मध्येच कळलं तर अर्ध्या वाटेवर धीर सुटतो.

आता हाच हिशेब मागून करून पाहा. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या तुकडीसाठी पुष्कळ कॉलेजं त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अर्ज घेतात, आणि काहींना अर्जाच्या दिवशीच सगळे पूर्वअटीचे विषय पुरे झालेले हवे असतात. अशा ठिकाणी मायक्रोबायॉलॉजीची ग्रेड आदल्या डिसेंबरात हातात हवी. ती मे महिन्यात आली, तर बाई लायक असूनही पुढच्या वर्षापर्यंत थांबते. शिवाय काही कॉलेजं विज्ञानाचे पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने क्रेडिट धरत नाहीत. म्हणजे फार लवकर घेतलेला विषयही वाया जाऊ शकतो. पहिल्या सत्राच्या नावनोंदणीआधी हे सगळं कागदावर उतरवायला हवं ते एवढ्यासाठी.

प्रवेशाची स्पर्धा खरी आहे आणि तिची कारणं समजून घ्यायला हवीत. वॉर्डात एका शिक्षिकेमागे साधारण आठ-दहा विद्यार्थीच ठेवता येतात, हॉस्पिटलांत प्रात्यक्षिकाच्या जागा मोजक्या असतात आणि शिकवण्यापेक्षा रुग्णसेवेत पगार जास्त असल्याने शिक्षक मिळत नाहीत. देशाला नर्सेस हव्या असूनही जागा वाढत नाहीत, त्या यामुळे. कॉलेजागणिक निवडीची पद्धत वेगळी: कुठे गुणांकन, कुठे प्रतीक्षायादी, कुठे सोडत. पुष्कळ ठिकाणी ‘टीज’ किंवा ‘हेसी’ ही प्रवेशपरीक्षा असते. टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग असतात. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत त्यात किमान ६२ टक्के लागतात. तिथल्या काही कॉलेजांत ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी या तिन्ही विषयांतले गुण वेगळे काढून पाहतात, शिवाय हे विषय कुणी पुन्हा घेतले असतील तर तेही मोजतात. त्यामुळे एका सत्रात तीन विज्ञान विषय कोंबून दोहोंत कमी गुण मिळवण्यापेक्षा एक विषय घेऊन त्यात ‘ए’ आणणं केव्हाही चांगलं.

आणखी एक तयारी आहे जिच्याबद्दल भारतातून आलेल्यांना कुणी वेळेवर सांगत नाही. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हॉस्पिटलला लसीकरणाचे पुरावे लागतात. आपल्यापैकी बहुतेकांची लहानपणची कार्डं आईच्या कपाटात कुठेतरी असतात किंवा मुळीच नसतात. मग रक्त तपासून गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हेपटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती दाखवावी लागते. हेपटायटिस बीची लस नव्याने घ्यायची ठरली तर नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात. क्षयाच्या चाचणीचीही एक गोम आहे. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेलं असतं. त्यामुळे त्वचेवरची चाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावर केल्या जाणाऱ्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. कॉलेजच्या आरोग्य विभागाकडे ती चाचणी चालेल का हे आधीच विचारून ठेवावं, म्हणजे छातीचे एक्स-रे आणि धावपळ टळते.

पैशांचं गणित या वाटेच्या बाजूने आहे. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. ७० युनिट धरले तर फी ३२२० डॉलर होते. पुस्तकं, गणवेश, परीक्षा, लसी आणि गाडीचा खर्च वेगळा धरला तरी खाजगी कॉलेजांच्या शुल्कापुढे हा आकडा लहान आहे. उलट बाजूला, २०२३ साली देशातल्या रजिस्टर्ड नर्सचं मध्यम वार्षिक वेतन ८६,०७० डॉलर होतं. म्हणजे कर्ज न काढता शिकलेली बाई पहिल्या महिन्याच्या पगारापासून घराला हातभार लावते. मात्र ‘राज्याची रहिवासी’ कुणाला म्हणायचं याचे नियम राज्यागणिक निराळे आहेत, आणि परराज्याची फी कित्येक पटींनी जास्त असते. संघराज्य सरकारचं पेल अनुदान नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतं. पण ज्याची एक बॅचलर पदवी आधीच झाली आहे त्याला ते मिळत नाही, आणि भारतातली पदवीही त्यात धरली जाते. आपल्याकडच्या पदवीधर बायकांनी हे नीट लक्षात ठेवावं. पेलच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडू नये. कॉलेजची आणि राज्याची मदत, शिष्यवृत्त्या आणि हॉस्पिटलांच्या योजना यांची चौकशी मात्र जरूर करावी.

व्हिसाची बाब सगळ्यांत आधी पाहायची. एच-४, म्हणजे अवलंबितांच्या, व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शिकायला मुभा आहे, नोकरी करायला नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी सहसा जोडीदाराचा ग्रीनकार्डचा प्राथमिक अर्ज मंजूर झालेला लागतो. लायसन्स देताना काही राज्यांची मंडळं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, आणि परवान्याशिवाय एच-४ धारकाला तो सहसा मिळत नाही. मुलं एच-४ वर असतील तर २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो. त्यामुळे पदवी हाती येईल त्या वर्षी आपला दर्जा काय असेल, याचा विचार पहिल्या सत्राआधी इमिग्रेशनच्या वकिलाबरोबर बसून करावा. कॉलेजचा काउन्सेलर विषय सांगेल. व्हिसाचं उत्तर देणं त्याचं काम नाही.

भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेल्यांसाठी दोन शब्द. तुम्हाला सहसा पहिल्यापासून शिकायचं नसतं. आपल्या राज्याच्या मंडळाच्या नियमांप्रमाणे शिक्षणाचं मूल्यमापन करून घ्यायचं आणि एनक्लेक्सला बसण्याची परवानगी मागायची. मंडळाने एखादा विषय किंवा प्रात्यक्षिक कमी पडतं असं कळवलं तर तेवढं भरून काढायला कम्युनिटी कॉलेज उपयोगी पडतं.

प्रवेश मिळाला की अभ्यासाचा बाज बदलतो. पाठांतराची सवय असलेल्या आपल्या मंडळींना पहिला धक्का औषधांच्या हिशेबाचा बसतो. १००० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचं आहे, तासाला किती? १२५ मिलिलिटर. पंप नाही, आणि नळी एका मिलिलिटरला १५ थेंब सोडते. मिनिटाला किती थेंब? १२५ गुणिले १५, भागिले ६०, म्हणजे ३१.२५, ३१ थेंब लावायचे. गणित सातवी-आठवीचं आहे, पण पुष्कळ कॉलेजांत या चाचणीत ९० किंवा १०० टक्केच गुण लागतात आणि ठराविक संधींत ते मिळाले नाहीत तर अभ्यासक्रम सोडावा लागतो. ही कडक शिस्त योग्यच आहे. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर रुग्णाला दसपट औषध जातं.

दुसरा बदल वॉर्डात जाणवतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास विद्यार्थिनी हजर होते, रात्रपाळीच्या नर्सकडून रुग्णाची हकिगत ऐकते. आपल्या रुग्णाला कोणकोणती औषधं चालू आहेत, प्रत्येक का दिलं आहे आणि देण्याआधी काय तपासायचं हे तिला विचारलं जातं. डिगॉक्सिनची गोळी हातात असेल तर आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. ते ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. ही गोळी थांबवण्याचा निर्णय नर्सचा असतो. नर्स डॉक्टरांच्या हुकमाची ताबेदार, एवढंच चित्र ज्यांच्या मनात आहे त्यांनी या एका मिनिटाचा विचार करावा. चुकीची गोष्ट रुग्णापर्यंत पोचण्याआधी जिथे अडते ती शेवटची जागा नर्स असते.

एनक्लेक्सही हेच तपासते. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते. तुमच्या उत्तरांवरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. एप्रिल २०२३ पासून तिचं नवं रूप आलं: किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, पाच तासांची मर्यादा आणि रुग्णाची सबंध हकिगत देऊन टप्प्याटप्प्याने निर्णय विचारणारे प्रश्नसंच. प्रश्नाची धाटणी अशी असते: चार रुग्ण आहेत. एकाला शस्त्रक्रियेनंतर वेदना होताहेत, एकाला १००.८ ताप आहे, एक घरी जाण्याच्या कागदांची वाट पाहतो आहे आणि मधुमेहाच्या एका रुग्णाला दरदरून घाम फुटला आहे व तो असंबद्ध बोलतो आहे. आधी कुणाकडे जाल? चारही जणांना तुमची गरज आहे, पण रक्तातली साखर उतरलेल्या रुग्णाजवळ मिनिटंच असतात. पाठांतर इथे पुरत नाही. पहिल्या सत्रापासून ‘आधी काय’ असा विचार करण्याची सवय लागते आणि तीच परीक्षेत कामी येते.

कॉलेज निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता हवीच. ती नसेल तर एनक्लेक्सला बसताच येणार नाही. त्यावर एसीईएनसारख्या राष्ट्रीय संस्थेचं ॲक्रेडिटेशन असेल तर पुढे बीएसएनला आणि नोकरीला सोयीचं जातं. तिसरी गोष्ट, त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं एनक्लेक्समधलं यश. बहुतेक राज्यांची मंडळं हे आकडे उघड करतात. जाहिरातीपेक्षा या तक्त्यावर विश्वास ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांचा घोटाळा बाहेर आला. त्यांनी ७६०० हून अधिक बनावट डिप्लोमा आणि गुणपत्रकं विकल्याचं सरकारने सांगितलं. ‘काही महिन्यांत आरएन’ असं कुणी म्हणालं की तिथून मागे फिरावं. पोटापाण्यासाठी घाई करावी लागणाऱ्यांना प्रामाणिक मधले टप्पे उपलब्ध आहेत: आधी सीएनए, म्हणजे नर्सिंग सहायक, होऊन कामाचा परवाना असेल तर वॉर्डातली नोकरी धरता येते, किंवा एलव्हीएन अथवा एलपीएन, म्हणजे आरएनच्या खालच्या पायरीची परवानाधारक नर्स, होऊन पुढे ‘ब्रिज’ अभ्यासक्रमाने आरएन होता येतं.

एडीएन की बीएसएन हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्येच म्हटलं होतं की व्यावसायिक नर्सिंगची सुरुवात बॅचलर पदवीने व्हावी. नॉर्थ डकोटाने १९८७ पासून ते सक्तीचं केलं आणि २००३ मध्ये मागे घेतलं. त्याच २००३ साली लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॅचलर पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं; ते वेळेत गाठलं गेलं नाही, पण मोठी हॉस्पिटलं नोकरी देताना बीएसएनला झुकतं माप देऊ लागली. न्यूयॉर्कने २०१७ च्या कायद्याने नव्या नर्सेसना लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करणं बंधनकारक केलं.

हा पुरावा बाजूला सारता येणार नाही आणि मी सारतही नाही. माझं म्हणणं असं, की एडीएन ही सुरुवात धरावी आणि बीएसएनची तरतूद पहिल्या दिवशीच करावी. लायसन्स हाती आलं की नोकरी करता करता ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन करता येतं आणि बरीच हॉस्पिटलं फीचा काही भाग उचलतात. कित्येक कम्युनिटी कॉलेजांनी विद्यापीठांशी करार केले आहेत. त्यांत दोन्ही पदव्यांचे विषय बरोबरीने चालतात. मोंटॅगने एडीएनकडे स्वतंत्र, स्वयंपूर्ण शिक्षण म्हणून पाहिलं होतं. आज ती पहिली पायरी झाली आहे, आणि त्यात तिच्या कल्पनेचा अपमान नाही, वाढ आहे. बीएसएनच्या तरतुदीसाठी इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे विषय निवडताना ते पुढच्या विद्यापीठात धरले जातील का हे बघून घ्या. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर ही जुळणी पाहता येते; इतर राज्यांत काउन्सेलरकडून लेखी घ्यावी. ज्यांच्याकडे आधीची पदवी आहे त्यांना वेगवान बीएसएन हाही रस्ता आहे. तो साधारण बारा ते अठरा महिन्यांचा, महागडा आणि पूर्ण वेळ मागणारा आहे. घरची परिस्थिती पाहून त्याची तुलना करावी.

आता घराबद्दल. ‘एवढं शिकून शेवटी नर्स?’ हा प्रश्न आपल्याकडे आई विचारते, सासूबाई विचारतात, कधी नवराही विचारतो. आजारपणात ज्या हातांनी आपल्याला उठवलं-बसवलं त्यांच्याबद्दल आपण कृतज्ञता बोलतो, पण ते काम आपल्या घरातल्या कुणी निवडलं की गप्प होतो. हा दुजाभाव सोडायला हवा. नर्सिंगमध्ये विज्ञान आहे, हिशेब आहे, क्षणात निर्णय घेण्याची जबाबदारी आहे आणि परक्या माणसाची लाज सांभाळत त्याचं अंग पुसण्याची माणुसकी आहे. ज्याला हे कमी वाटतं त्याने वॉर्डात एक पाळी काढून पाहावी.

पाठिंबा म्हणजे नुसतं ‘कर, आम्ही आहोत’ म्हणणं नव्हे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाई पहाटे साडेपाचला घराबाहेर पडते. मुलांचा डबा कोण भरणार, शाळेतून कोण आणणार, सहामाहीच्या आठवड्यात पाहुणे येऊ द्यायचे का, भारतातून सासू-सासरे येणार असतील तर ते कोणत्या महिन्यांत, हे आधी ठरवायचं. एका सत्रातल्या ठराविक प्रात्यक्षिक तासांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर सत्र वाया जातं. गणपतीला किंवा भाच्याच्या मुंजीला भारतात जाण्याचा बेत त्यामुळे वर्षभर आधी मांडावा लागतो. नवऱ्याने दोन वर्षं स्वयंपाकघराची अर्धी जबाबदारी उचलली तर ते उपकार होत नाहीत. घराच्या पुढच्या तीस वर्षांच्या मिळकतीत घातलेली ती त्याची भर असते.

पुस्तिकेची मांडणी याच हिशेबाने केली आहे. पहिलं प्रकरण लायसन्सचं, दुसरं एनक्लेक्सचं. मग नर्सिंगची चार सत्रं, त्यामागे प्रवेशाचा अर्ज, त्यामागे पूर्वअटीचे विषय, पैसा आणि व्हिसा. शेवटच्या प्रकरणात पहिलं सत्र येतं. वाचकाला हा क्रम आधी उलटा वाटेल, पण नियोजनाचा क्रम हाच आहे. शेवटच्या पानांवर कोरे तक्ते आहेत. ते पेन्सिलीने भरा, कारण कॉलेजांचे नियम आणि तारखा बदलतात. दर वर्षी संकेतस्थळावर खात्री करून घ्या. भरलेला तक्ता घेऊन काउन्सेलरकडे जा. ‘मी काय घेऊ?’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वसाधारण उत्तर मिळतं; ‘हा माझा आराखडा, यात कुठे अडेन?’ असं विचारणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतं.

अभियंत्यांच्या वाटेची माहिती आपल्या समाजात आपोआप फिरते. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं तरी एसएटीपासून इंटर्नशिपपर्यंत सगळं ऐकायला मिळतं. टीजबद्दल, लसींच्या कागदांबद्दल, मायक्रोबायॉलॉजीच्या डिसेंबरातल्या ग्रेडबद्दल तिथे बोलणारं कुणी नसतं, म्हणून प्रत्येक नवी विद्यार्थिनी एकटीच चाचपडते. हे बदलणं तुमच्याच हातात आहे. तुमचा प्रवेश झाला की तुमचा भरलेला तक्ता मंडळातल्या पुढच्या इच्छुकाला दाखवा, कुठे किती वेळ लागला ते मोकळेपणाने सांगा. एकीची खरी तारीख दुसरीचं अख्खं वर्ष वाचवते.